प्रज्ञावान मुलांना जगातील धर्मांची ओळख करून देताना : पालक आणि शिक्षक यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षे मी पुण्यात शनिवारी दुपारी आठ ते चौदा वयाच्या प्रज्ञावान मुलांसाठी धर्मपरिचयाचा वर्ग घेत आहे. वर्गाच्या दारात, फोनवर आणि पालकसभेत जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे सविस्तर लिहिली आहेत.

प्रज्ञावान मुलांसाठी या विषयाचा वेगळा विचार कशासाठी करावा लागतो?

जन्म, मृत्यू, न्याय आणि देव यांविषयीचे प्रश्न ही मुले फार लवकर विचारू लागतात. उत्तर पेलण्याची मनाची तयारी मात्र वयाच्याच गतीने होत असते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लीटा हॉलिंगवर्थ (१८८६–१९३९) यांनी न्यूयॉर्कमध्ये अतिशय उच्च बुद्ध्यंक असलेल्या मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. प्रौढाची बुद्धी आणि बालकाच्या भावना एकाच लहानशा शरीरात असतील तर अडचणी येणारच, असे त्यांनी नोंदवून ठेवले आहे. वर्गात याचा अर्थ काय होतो, ते एका प्रसंगावरून सांगतो.

नऊ वर्षांचा एक मुलगा आजोबांच्या दहाव्याला घाटावर गेला होता. कावळा पिंडाला शिवेना. मोठी माणसे उन्हात ताटकळत उभी राहिली, कोणीतरी हात जोडून मोठ्याने आश्वासने देऊ लागले, आणि बऱ्याच वेळाने कावळा आला. पुढच्या शनिवारी हा मुलगा प्रश्नांची यादी घेऊनच वर्गात आला. कावळ्याला मृत माणसाची इच्छा कशी कळते? ज्या देशात कावळे नाहीत तेथे काय करतात? पारशी लोक दोखम्यात देह पक्ष्यांच्या स्वाधीन करतात, तर त्यांच्या आणि आपल्या पक्ष्यांचे काम वेगळे का? हे सारे त्याने एका दमात विचारले. वर्ग सुटल्यावर चपला घालता घालता तो हळूच म्हणाला, ‘‘आजोबांना काही हवे होते का?’’

पहिले तीन प्रश्न बुद्धीचे होते आणि चौथा नातवाचा होता. बुद्धीच्या प्रश्नाला माहिती द्यावी लागते, नातवाच्या प्रश्नाला जवळ बसावे लागते. ही मुले दोन्ही प्रकारचे प्रश्न एकाच आवाजात विचारतात, म्हणून ऐकणाऱ्याची गफलत होते: रडवेल्या मुलाला आपण तौलनिक धर्मशास्त्र ऐकवतो, किंवा खरोखर अभ्यासू प्रश्न विचारणाऱ्याला ‘‘मोठा झालास की कळेल’’ म्हणून गप्प करतो. माझ्या मते या विषयाच्या शिक्षकाला सर्वांत आधी हे ओळखता आले पाहिजे. ग्रंथांचे ज्ञान त्यानंतरचे.

कोणत्या वयापासून सुरुवात करावी?

मूल विचारू लागेल तेव्हापासून. वयाचा ठराविक आकडा सांगणे मला पटत नाही, कारण पाच वर्षांचे एखादे मूल ‘‘देवाला कोणी बनवले?’’ असे विचारते आणि अकरा वर्षांच्या एखाद्या गणितवेड्या मुलाला या विषयात गोडी नसते. एवढे मात्र पाहावे की लहान वयात गोष्ट, सण, पदार्थ, पोशाख आणि इमारत यांच्यावर भर असावा, आणि मतभेद, इतिहासातील संघर्ष, तत्त्वज्ञान हा भाग बारा-तेराच्या सुमारास यावा. मूल वाचनात कितीही पुढे असले तरी छळाच्या किंवा कत्तलींच्या वर्णनांच्या बाबतीत त्याचे खरे वयच धरून चालावे.

हे धर्मशिक्षण झाले, मग शाळेत ते चालते का?

‘धर्माचे शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयीचे शिक्षण’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हा भेद आपल्याकडे जुना आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेतही विद्यार्थ्याच्या, आणि तो अल्पवयीन असल्यास त्याच्या पालकांच्या, संमतीवाचून त्याला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत भाग घेण्याची सक्ती करता येत नाही. कोठारी आयोगाने (१९६४–६६) हाच भेद स्पष्ट करून, प्रमुख धर्मांची निवडक माहिती सर्व विद्यार्थ्यांना मिळावी अशी शिफारस केली होती. पुढे २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने धर्मांविषयी अभ्यास म्हणून शिकवणे अनुच्छेद २८ च्या विरुद्ध जात नाही, असा निर्णय दिला.

तरीही कायद्यात बसते एवढ्यावर शिक्षकाने निर्धास्त होऊ नये. ‘नमाज म्हणजे काय, ती दिवसातून पाच वेळा का पढतात’ हे सांगणे हा अभ्यास आहे, आणि मुलांना ओळीत उभे करून नमाज, आरती किंवा प्रार्थना करायला लावणे ही उपासना आहे. आमच्या वर्गात कृती करून दाखवायची असेल तर ती त्या धर्माचा प्रौढ माणूस करतो आणि मुले पाहतात. वर्षाच्या सुरुवातीला काय शिकवणार, कोठे नेणार आणि काय मुळीच करणार नाही, याचे पत्र पालकांना दिले म्हणजे निम्मे गैरसमज आधीच मिटतात.

पहिल्या दिवशी सुरुवात कोठून करावी?

आमचा अनुभव असा की सुरुवात कॅलेंडरपासून करावी. देव, आत्मा, मोक्ष या शब्दांपासून सुरुवात केली की मुले पाठ केलेली वाक्ये बोलू लागतात; भिंतीवरचे कॅलेंडर समोर ठेवले की ती कामाला लागतात. शिवाय या मुलांना आकडे आवडतात, आणि प्रत्येक धर्माने चंद्र-सूर्याचा मेळ कसा घातला यात त्या धर्माचा स्वभाव थोडाफार दिसतो.

मुलांना एवढेच सांगावे की चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून किंचित मोठा, म्हणजे २९.५३ दिवसांचा असतो, आणि सौर वर्ष साधारण ३६५.२४ दिवसांचे असते. बारा चांद्रमासांचे ३५४ दिवस होतात आणि वर्षाला सुमारे ११ दिवसांची तूट पडते. या ११ दिवसांचे काय करायचे, असा प्रश्न विचारून पुढचा तासभर शिक्षकाने शांत बसावे.

इस्लामी कालगणना ही तूट भरून काढत नाही. म्हणून रमजान दरवर्षी सुमारे ११ दिवस अलीकडे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. आमच्या वर्गातील एका मुलीने हा हिशेब करता करता स्वतःहून शोधले की २०३० साली रमजान दोनदा सुरू होईल, एकदा जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. तिने लगेच विचारले, ‘‘म्हणजे आयुष्यात प्रत्येकाला उन्हाळ्यातला रोजाही येतो आणि थंडीतलाही?’’ आकड्यांतून ती थेट एका माणसाच्या तहानेपर्यंत पोहोचली, आणि हे तिला कोणी सांगावे लागले नाही.

आपले पंचांग ही तूट अधिक महिन्याने भरून काढते; ज्या चांद्रमासात सूर्यसंक्रांत, म्हणजे सूर्याचा दुसऱ्या राशीत प्रवेश, होत नाही तो अधिक, हा नियम मुलांना फार आवडतो. ज्यू कालगणनेत १९ वर्षांत सात वेळा जादा महिना धरतात. मुलांनी दशांशाची आणखी दोन स्थळे घेऊन गुणाकार करून पाहावा: १९ सौर वर्षे आणि २३५ चांद्रमास यांत अवघ्या दोन-अडीच तासांचा फरक येतो. दूरदूरच्या ज्योतिष्यांना आकाशाकडे पाहून जवळजवळ एकच मेळ सापडला, हे कळल्यावर वर्गात क्षणभर शांतता पसरते. पारशांच्या शहेनशाही गणनेत ३६५ दिवसांचे वर्ष लीप दिवसाशिवाय चालत राहिल्यामुळे त्यांचे नववर्ष सरकत सरकत आज ऑगस्टमध्ये येते, तर ईस्टर हा २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार असतो. एवढ्या सामग्रीवर दोन-तीन शनिवार सहज जातात आणि कोणाचाही धर्म वरचा किंवा खालचा ठरत नाही.

कोणकोणते धर्म घ्यावेत? सगळे घेणे शक्य आहे का?

शक्य नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. ‘जगातील बारा धर्म’ असे तक्ते भरून घेतले की हुशार मूल ते एका बैठकीत पाठ करते आणि आपल्याला विषय येतो अशा समजुतीत राहते. चार-पाच धर्म नीट घ्यावेत, त्यांतील निदान दोन आपल्या परिसरातले असावेत आणि एक पूर्णपणे अपरिचित असावा. जपानमधील शिंतो परंपरा आम्ही मुद्दाम घेतो, कारण ‘धर्म म्हणजे संस्थापक, ग्रंथ आणि देव’ हे मुलांचे गणित तेथे चुकते. आपल्याकडील आदिवासी परंपराही त्याच कारणाने घ्याव्यात. वारली, गोंड, भिल्ल समाजांच्या देवदेवतांना पाठ्यपुस्तकांत अगदीच थोडी जागा मिळते.

परिसरातले म्हणजे काय, याची कल्पना महाराष्ट्रात राहणाऱ्या माणसालाही पुरती नसते. कोकणातल्या ज्यूंच्या, म्हणजे बेने इस्राएल समाजाचेच उदाहरण घ्या. आपले पूर्वज जहाज फुटून कोकणात नवगावच्या किनाऱ्याला लागले, त्यांतून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, अशी या समाजाची पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा आहे. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. गावांच्या नावांवरून आलेली दिवेकर, पेणकर, राजपूरकर अशी आडनावे, घरात मराठी, आणि एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या स्मरणार्थ पोहे, ओले खोबरे, साखर व फळे घालून केलेला मलिदा. सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले. ते शहरातील सर्वांत जुने सिनेगॉग मानले जाते. ‘ज्यू’ या शब्दाबरोबर मुलांच्या डोळ्यांसमोर युरोपातील छळछावण्यांचीच चित्रे येत असतात. तेथे पोह्यांचा मलिदा आला की चित्र बदलते, आणि ‘शनिवारी घाणा बंद का?’ या एका प्रश्नातून शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीदिन, समजतो.

ख्रिस्ती धर्म शिकवताना फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात रचलेले, १६१६ साली छापले गेलेले आणि ओवी छंदातले ‘क्रिस्तपुराण’ घ्यावे. शीख धर्म शिकवताना गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदे आहेत, हे सांगून नकाशावर पंढरपूर, शिखांचे तीर्थक्षेत्र नांदेड आणि नामदेवांचे वास्तव्य झालेले पंजाबातील घुमान ही तीन ठिकाणे जोडून घ्यावीत. इस्लामसाठी श्रीगोंद्याचे शेख महंमद घ्यावेत. ‘ज्ञानाचा एका, नामयाचा तुका आणि कबीराचा शेखा’ असे वारकरी परंपरा ज्यांना आपले म्हणते, ते हेच. बौद्ध आणि जैन परंपरांसाठी वेरूळसारखे दुसरे ठिकाण नाही. तेथील ३४ लेण्यांपैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन आहेत. मुलांना क्रमांक न सांगता आत सोडावे आणि सीमारेषा कोठे आहेत ते मूर्तींवरून ओळखायला सांगावे.

मूल थेट विचारते, ‘‘यांतला खरा धर्म कोणता?’’ काय सांगावे?

‘सगळे धर्म एकच सांगतात’ हे उत्तर देऊ नये. प्रज्ञावान मुलाला ते लगेच खोटे वाटते, आणि त्याच्या दृष्टीने ते चूकही नसते. पुनर्जन्म आहे म्हणणारा आणि एकदाच न्यायाचा दिवस येईल म्हणणारा हे दोघे एकच गोष्ट सांगत नाहीत. जगाचा कर्ता ईश्वर मानणारा आणि तसा कर्ता न मानणारा जैन, यांच्यात खरा मतभेद आहे. मतभेद लपवला की मूल आपल्यावरचा विश्वास गमावते.

आम्ही मुलांना तीन क्रियापदे काटेकोरपणे वापरायला शिकवतो: ‘मानतात’, ‘आढळते’ आणि ‘मला वाटते’. ‘गौतम बुद्धांना बोधगयेत ज्ञानप्राप्ती झाली असे बौद्ध मानतात’. ‘कार्ल्याच्या चैत्यगृहातील खांबांवर दान देणाऱ्या यवनांची (ग्रीकांची) नावे ब्राह्मी लिपीत कोरलेली आढळतात’. ‘ज्ञानप्राप्ती म्हणजे मनाची एक अवस्था असावी असे मला वाटते’. ही तीन वाक्ये तीन वेगळ्या प्रकारची आहेत आणि प्रत्येकाला तपासण्याची पद्धत वेगळी आहे. हे अंगवळणी पडले की ‘खरा कोणता’ या प्रश्नाचे मूल स्वतःच तुकडे पाडू लागते: त्यातले किती इतिहासाने तपासता येते, किती तर्काने, आणि किती माणूस जगूनच ठरवतो. हा सराव आपल्या स्वतःच्या घरच्या धर्मालाही लावावा लागतो, आणि तेथे पालकांचीच जीभ अडखळते.

दुसरी एक कसोटी आहे. एखाद्या धर्माबद्दल मुलाने जे लिहिले, ते त्या धर्माच्या जाणत्या माणसाला वाचून दाखवले तर तो ‘‘हो, हे आमचेच आहे’’ असे म्हणेल का? तो सगळ्याशी सहमत होईल असे नाही. पण त्याला आपण ओळखू आलो पाहिजे.

मूल म्हणते की ते देव मानत नाही, आणि आजी-आजोबा दुखावले जातात. घरात वाद होतात.

दहा-बारा वर्षांच्या प्रज्ञावान मुलांत हे इतके सर्रास दिसते की त्याची धास्ती घेऊ नये. नास्तिक विचार आपल्याच भूमीतला आहे: चार्वाकांनी परलोक नाकारला, बौद्ध आणि जैन दर्शनांनी जगाचा निर्माता ईश्वर मानला नाही, आणि तरी या परंपरांनी नीतीचा आणि ज्ञानाचा सखोल विचार केला. मुलाला हे सांगितले की त्याला आपण एकटे नाही असे वाटते आणि त्याचा सूर आपोआप खाली येतो.

त्याच वेळी त्याला हेही स्पष्टपणे सांगावे की देवपूजा करणाऱ्या आजीची बुद्धी कमी आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. आमच्या वर्गातील अशा मुलांना आम्ही एक काम देतो: आजी पूजेला बसते तेव्हा शेजारी बसून ती काय काय करते ते क्रमाने लिहून आणायचे, काहीही मत न देता. एका मुलाने लिहून आणले होते की आजी देवांना स्नान घालताना पाणी कोमट आहे का ते आधी मनगटावर पाहते, ‘‘जसे आई बाळाचे पाहते तसे’’. त्याने आपले मत बदलले नाही. घरातला वाद मात्र त्या आठवड्यापासून थांबल्याचे त्याच्या आईने सांगितले.

दुसऱ्या धर्मांची ओळख झाली आणि मूल तिकडेच ओढले गेले तर?

ही भीती पालक दबक्या आवाजात बोलून दाखवतात, आणि ती खरी असल्यामुळे तिची टर उडवू नये. ही मुले ज्या गोष्टीत शिरतात तिच्यात पूर्ण बुडतात. महिनाभर कांदा-लसूण सोडतील, रोजा धरायचा हट्ट करतील, खोलीच्या भिंतीवर हिब्रू अक्षरे काढतील. बहुतेक वेळा हा अभ्यासाचाच एक प्रकार असतो, आणि काही आठवड्यांनी त्यांचे लक्ष दुसऱ्या विषयाकडे जाते. उपवासाच्या बाबतीत मात्र वयाचा आणि प्रकृतीचा विचार पालकांनी ठामपणे करावा. लहान मुलांवर रोजाचे बंधन इस्लाममध्येही नाही, हे सांगितले की मूल ऐकते.

आणि पुढे मोठे झाल्यावर त्याने खरोखरच वेगळा विचार केला तर? महात्मा फुले यांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त एका घराची कल्पना आहे. आपापल्या वाचनानंतर आई बौद्ध होते, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी, आणि तरीही सगळ्यांनी एकमेकांचा हेवा न करता एका कुटुंबाप्रमाणे प्रेमाने राहावे. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी मराठीत मांडलेला हा विचार मी पालकांना आवर्जून सांगतो, आणि त्यावर मतभेद व्यक्त करण्याची त्यांना पूर्ण मोकळीक असते.

धर्माच्या नावाने झालेला अन्याय आणि हिंसा शिकवावी की टाळावी?

शिकवावी, पण माप सगळ्यांना एकच लावावे. दुसऱ्याच्या धर्माचा इतिहास त्यातील क्रौर्यावरून आणि आपल्या धर्माचा त्यातील तत्त्वज्ञानावरून सांगणे ही सर्वांत सामान्य चूक आहे, आणि ती शिक्षकाच्या नकळत होते. गोव्यात १५६० ते १८१२ या काळात, मधला थोडा खंड सोडता, इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाच्या संशयावरून चौकशी आणि शिक्षा करणारे चर्चचे न्यायासन, होते, हे सांगायचे असेल तर १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याच्या पाण्यासाठी आणि १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेशासाठी सत्याग्रह का करावा लागला, हेही त्याच गंभीरपणे सांगावे लागते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रातील मुलाला धर्म हा विषय शिकवताना ही घटना वगळली तर शिकवणे अपुरेच राहते. एखाद्या माणसाने आयुष्यभर ग्रंथ तपासून, अनेक धर्मांचा तौलनिक विचार करून, जाहीरपणे निवड केली, याचे याहून ठळक उदाहरण आपल्याजवळ नाही.

या मुलांची न्यायबुद्धी तीव्र असते आणि अन्यायाची कथा ऐकून काहींना रात्री झोप लागत नाही. म्हणून अशा तासाला अन्यायाविरुद्ध त्याच धर्मातून कोण उभे राहिले, हेही सांगावे, आणि तास संपल्यावर लगेच मुलांना घरी न सोडता थोडा वेळ एकत्र बसावे.

धर्मग्रंथ थेट वाचायला द्यावेत का?

द्यावेत, पण निवडक आणि सोबत बसून. विनोबा भावे यांनी कुराण मुळातून वाचण्यासाठी अरबी शिकून घेतली, आणि कुराणाचे, ख्रिस्ती धर्मग्रंथाचे सार काढले, धम्मपदाची नव्याने रचना केली. परक्या ग्रंथाकडे किती आदराने आणि किती कष्टाने जावे लागते, याचा तो नमुना आहे. बारा वर्षांचे मूल इंटरनेटवरून एखादे सुटे वचन उचलते आणि त्यावरून सगळ्या धर्माचा निकाल लावते, तेव्हा त्याला एकच विचारावे: याच्या आधीचे आणि नंतरचे वाक्य काय आहे?

प्रार्थनास्थळांच्या भेटी कशा आखाव्यात?

आधी फोन करून, एकावेळी एकच ठिकाण, आणि दहा-बारांपेक्षा जास्त मुले न नेता. पुण्याच्या कॅम्पातील डेव्हिड ससून यांनी बांधवलेल्या सिनेगॉगला, ज्याला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात, सुरक्षेच्या कारणाने आगाऊ परवानगी घेऊनच जावे. गुरुद्वारात डोके झाकण्यासाठी मोठे रुमाल घरूनच न्यावेत आणि लंगरच्या पंगतीत बसण्यापुरता वेळ हाताशी ठेवावा. आमची मुले पहिल्यांदा गेली तेव्हा ओंजळीत कडा प्रसाद पडला, त्याचे गरम तूप बोटांच्या फटींतून मनगटापर्यंत ओघळले, आणि ते कशाला पुसायचे हे न कळून सगळीजण हात पुढे धरून तशीच उभी राहिली. तेथील एका आजोबांनी तूप तळहातांवर आणि दाढीवर कसे चोळून घ्यायचे ते दाखवले. दोन वर्षांनी विचारले तरी मुलांना हेच आधी आठवते. प्रसाद घ्यावा की नाही, याबाबत पालकांची संमती आधीच विचारून ठेवावी.

अग्यारीत पारशी नसलेल्यांना प्रवेश नसतो. तरीही आम्ही मुलांना बाहेरून नेतो. दारावरचा फरोहर, म्हणजे पारशी धर्माचे पंखधारी चिन्ह, पाहतो, पाटी वाचतो आणि परत येतो. ‘‘आत का जाऊ देत नाहीत?’’ यावर मुले तावातावाने बोलतात. एखाद्या छोट्या समाजाला काही जागा फक्त आपल्यासाठी का राखाव्याशा वाटत असतील, यावर त्या दिवशी झालेली चर्चा बहुतेक आत जाऊन झालेल्या चर्चेपेक्षा खोल असते. स्त्रियांच्या प्रवेशाचा आणि मासिक पाळीतील निर्बंधांचा प्रश्न मोठ्या मुली विचारतातच. त्यांना ‘‘तसा नियम आहे’’ असे म्हणून गप्प करू नये; नियम काय आहे, तो कोणी बदलू पाहत आहे आणि त्या धर्मातील स्त्रिया त्याबद्दल काय म्हणतात, हे सांगावे.

वर्गात एखाद्या धर्माचे एकच मूल असेल तर त्यालाच माहिती सांगायला लावावी का?

नाही. ही चूक मी स्वतः केली आहे. वर्गात एकच मुसलमान मुलगी होती आणि ईदच्या आठवड्यात मी मोठ्या कौतुकाने तिला उभे करून सांगायला लावले. ती चांगले बोलली. पण त्यानंतर प्रत्येक बातमीचा जाब मुले तिलाच विचारू लागली आणि महिनाभर ती वर्गाला आली नाही. मुलीच्या डोक्यावर मी एका सबंध समाजाचे ओझे ठेवले होते. त्यानंतर आम्ही नेहमी प्रौढ पाहुण्यांना बोलावतो, आणि शक्यतो एकाच धर्माचे, वेगवेगळ्या मतांचे दोन पाहुणे, म्हणजे ‘मुसलमान असे मानतात’ किंवा ‘हिंदू असे मानतात’ या वाक्यांना आपोआप आवर बसतो.

परीक्षा घ्यावी का?

घेऊ नये. वही तपासावी, गुण देऊ नयेत.

परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी काय करावे?

इंग्लंडमध्ये सरकारी शाळांत धर्मांचा परिचय हा विषयच असतो, आणि पालकांना मुलाला त्यातून वगळून घेण्याचा हक्क असतो. अमेरिकेतील सरकारी शाळांत उपासना घेता येत नाही, पण १९६३ सालच्या ॲबिंग्टन खटल्याच्या निकालात धर्मांचा अभ्यास म्हणून शिकवण्यास हरकत नसल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. तेथे मुलांपुढे अडचण वेगळीच येते: पुस्तकातील हिंदू धर्माचे दोन पानी वर्णन आणि घरातला गणपती यांचा मेळ बसत नाही. अशा वेळी शिक्षकांवर रागावण्यापूर्वी मुलालाच विचारावे की त्या दोन पानांत काय राहून गेले, आणि ते त्याला लिहू द्यावे. नंतर त्याच मुलाने शेजारच्या मित्राच्या धर्मावरची दोन पाने उघडून तोच प्रश्न मित्राला विचारावा.

आम्हा पालकांनाच फारसे माहीत नाही. मुलाच्या प्रश्नांना उत्तरे कशी द्यावीत?

‘‘मला माहीत नाही, आपण विचारू’’ हे वाक्य मुलासमोर मोकळेपणाने बोलावे. फक्त खरोखर विचारायला जावे. आमच्याकडील प्रत्येक मुलाजवळ एक शंभर पानी वही असते. डाव्या पानावर प्रश्न आणि तारीख, उजव्या पानावर कोणाला विचारले आणि त्या व्यक्तीने काय सांगितले, शक्य तर तिच्याच शब्दांत. घाटावरच्या कावळ्याचा प्रश्न विचारणाऱ्या मुलाच्या वहीत त्या एका प्रश्नासमोर तीन उत्तरे आहेत: दहाव्याचे विधी करणाऱ्या गुरुजींचे, इमारतीतल्या पारशी आजींचे आणि पक्षी-अभ्यासक मामाचे. शेवटचा प्रश्न त्याने वहीत लिहिला नव्हता. तो त्याने आईला विचारला, आणि आजोबांना रोज संध्याकाळी शेवग्याच्या झाडाखाली खुर्ची टाकून बसायला आवडे, हे त्या दोघांना एकदमच आठवले.